खालच्या फ्रिक्वेन्सीवर

"एकच उरलाय," दुकानदार म्हणाला. "कुणी न्यायचा ते तुम्ही दोघं ठरवा. आणि जरा बाजूला उभं राहून ठरवा, मागे गिऱ्हाईक आहे."

बुधवार पेठेतलं ते दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहायचं. बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. काउंटरवर अंगठ्याएवढा एक पितळी कनेक्टर पडला होता. अँटेनाची वायर सेटला जोडायला लागतो तो. त्याच्या एका बाजूला मी, आणि दुसऱ्या बाजूला एक उंच, ओल्या केसांचा मुलगा.

"मी आधी मागितला," मी म्हणाले.

"पण मी आधी आलो होतो. तुम्ही आलात तेव्हा मी छत्री मिटवायलो होतो."

"छत्री मिटवणं म्हणजे मागणं नव्हे."

तो हसला. तिथेच गडबड झाली. मला भांडणारी माणसं चालतात, चिडणारीही चालतात. भांडता भांडता हसणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"तुम्हाला कशाला पाहिजे?" त्याने विचारलं. "टीव्हीला हा बसत नाही."

"टीव्हीला कोण लावतंय? वायरलेस सेटला हवाय. हॅम रेडिओ. ऐकलंय का कधी नाव?"

त्याने शांतपणे स्वतःचा कॉल साइन सांगितला. सरकारने दिलेला, प्रत्येक लायसन्सवाल्याचा वेगळा. आम्हा हॅम लोकांचं खरं नाव तेच. मी कनेक्टरकडे सरकवलेला हात मागे घेतला.

"घ्या, तुम्हीच घ्या," तो म्हणाला.

"नको. उपकार नकोत."

"उपकार कसले... बरं, मग मी घेतो."

"असं कसं घेता?"

एवढ्यात आमच्या मधून एक हात आला, काउंटरवर पैसे टेकले आणि कनेक्टर उचलून घेऊन गेला. वळून बघते तर आमच्याच क्लबचे हिंमतराव. डोणज्याला त्यांची पोल्ट्री आहे, एक जुनी जीप आहे आणि त्या जीपवर जीपपेक्षा उंच अँटेना.

"तुमचं चालू द्या निवांत," हिंमतराव म्हणाले. "मला कोंबड्यांचं खाद्य न्यायचं हाय."

आम्ही दोघंही रिकाम्या हाताने दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. त्याचं नाव उत्तरेश्वर. मूळचा उस्मानाबादकडचा, औरंगाबादला इंजिनिअर झालेला, आणि आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार आहेत म्हणे, ते गोंधळू नयेत म्हणून तो दिवसभर जुने प्रोग्रॅम तपासत बसायचा. राहायला वारज्यात, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं.

"मी पण वारज्यातच राहते," असं मी कशाला सांगितलं, कोण जाणे. विचारलंही नव्हतं त्याने.

---

आमचा क्लब म्हणजे काही थाटमाट नाही. वारज्यात आमच्या घराची गच्ची, गच्चीवर बांबूला बांधलेली अँटेना, आणि खाली हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबलावर माझ्या बाबांचा सेट. माझे बाबा, तात्याराव, तार खात्यातून निवृत्त झालेले. रोज रात्रीच्या जेवणाआधी ते सेट लावून हजेरी घेतात. शहरभरचे सभासद एकेक करून हजर म्हणतात, हवापाणी सांगतात, नवीन अँटेनाच्या गप्पा होतात. कुठे पूर आला, भूकंप झाला आणि टेलिफोन बंद पडले, तर हीच माणसं पाठीवर बॅटऱ्या बांधून निघतात. एरवी शाळेच्या सहली, सायकल शर्यती, गणपतीतली गर्दी, जिथे बोलावतील तिथे जातात, फुकट.

बाबांचे नियम दोन. पहिला, बटण दाबण्याआधी एक श्वास घ्यायचा, दुसरं कुणी बोलत नाही ना ते ऐकायचं. आमच्या सेटवर बटण दाबलं की बोलता येतं, 'ओव्हर' म्हणून सोडलं की समोरच्याचं ऐकू येतं. दोन्ही एकदम नाही. दोघांनी एकाच वेळी दाबलं, तर ती दोघं आपापल्या जागी बोलत राहतात, एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. बाकीच्यांना नुसती शिट्टी ऐकू येते. आणि जो एखाद्याच्या जवळ असेल, त्याला त्या एकाचं बोलणं ऐकू येतं, मागे शिट्टीसह.

दुसरा नियम, जे आपल्यासाठी नाही ते कानावर पडलं तरी दुसऱ्याला सांगायचं नाही. तसं आम्ही लायसन्स घेताना लिहूनच देतो. बाबांना ते लिहून द्यायची गरज नव्हती. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जन्माच्या आणि मरणाच्या तारा वाचल्या, पण शेजारच्या घरी मुलगा झाल्याचंही आम्हाला शेजाऱ्यांकडूनच कळायचं.

दुसरा नियम मला जन्मतःच जमतो. पहिला काही केल्या जमत नाही.

त्याच रविवारी उत्तरेश्वर आमच्या दारात उभा. भिंतीवरचा फोटो बघून "जयभीम काका," म्हणत आत आला आणि चप्पल नीट जोडीने ठेवली. बाबांना माणसं अशीच आवडतात.

मग रोजच्या हजेरीत एक आवाज वाढला.

"मैत्री मॅडम, आज क्लासला किती विद्यार्थी आले? ओव्हर." मी कर्वेनगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते.

"आले होते बरेच. माउस पकडायला शिकवला. एकाने तो स्क्रीनला टेकवला. ओव्हर."

"मी पहिल्यांदा तसंच केलं होतं. ओव्हर."

"ते तुमच्याकडे बघून वाटतंच. ओव्हर."

मग डोणज्याहून हिंमतरावांचा आवाज. "आम्ही बी ऐकतोय बरं का. चालू द्या. ओव्हर."

आमचं सगळं असं होतं. लोक बागेत भेटतात, कॉलेजच्या कट्ट्यावर भेटतात. आम्ही शहरभरच्या काका-मामांच्या कानांदेखत भेटत होतो. 'तुम्ही'चं 'तू' झालं तेही हवेतच, आणि दुसऱ्या दिवशी क्लबातल्या तिघांनी मला ते लक्षात आणून दिलं. तो गच्चीवर अँटेना नीट करायला यायचा. मी खालून वायर धरायची. वाऱ्याने बांबू हलला की तो एका हाताने बांबू आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरायचा, आणि नंतर बराच वेळ दोघंही वायरकडे बघत राहायचो. वायरला काहीही झालेलं नसायचं.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी तो गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाला, "कंपनी शिकागोला पाठवायलीय. दोन वर्षं. पुढे तिथेच राहा म्हणतील, म्हणतात लोक."

हातातली पक्कड मी उगाच उघडली आणि मिटली.

"सोमवारी सकाळी हो की नाही सांगायचंय," तो म्हणाला. "जाऊ का?"

त्याने माझ्याकडे बघून विचारलं. मी कुणाकडे बघून उत्तर दिलं ते मला माहीत नाही.

"मला काय विचारतोस? मी काय व्हिसा ऑफिस आहे?"

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. जिना उतरून गेला. मी गच्चीत तशीच उभी. माझी जीभ चालते याचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. त्या दिवशी मला ती चावून टाकावीशी वाटली. मला तो आवडत होता. अगदी सरळ, कुठलीही चेष्टा न करता आवडत होता. तो गेला असता तर हजेरीतला तो एक आवाज गेला असता, आणि मग मला कुणाचाच आवाज नको झाला असता.

---

रविवारी शाळा-कॉलेजांची सायकल शर्यत होती. वारज्याहून सुरू, बायपासने वडगाव, तिथून सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे फाट्याला वळसा आणि परत. क्लबकडे निरोपांचं काम. घरी बाबा कंट्रोलवर, वारज्याच्या चौकात मी, धरणाजवळ उत्तरेश्वर, डोणजे फाट्यावर जीपसह हिंमतराव. वडगावला वगैरे बाकीचे.

थंडी चांगलीच पडली होती. स्वेटरच्या बाहीत हात ओढून मी सेट धरला होता. मुलं सुटली. पाठीवरचे नंबर वाऱ्याने फडफडत गेले.

धरणाच्या अलीकडे एक मुलगी पडली. उत्तरेश्वरचा आवाज आला, घाई नसलेला, स्वच्छ. "कंट्रोल, एक स्पर्धक पडलीय. शुद्धीवर आहे, हात दुखतोय. अँब्युलन्स पाठवा, मी तिच्याजवळ थांबलोय. ओव्हर." बाबांनी वडगावची अँब्युलन्स हलवली. मुलगी ठीक होती, हाताला झोळी बांधून तीच मागच्यांना ओरडून धीर देत होती, असं नंतर कळलं. मला मात्र एकच गोष्ट ऐकू आली. 'मी तिच्याजवळ थांबलोय.' किती सहज म्हणाला.

शेवटचा सायकलवाला पोचला. बाबांनी सगळ्यांचे आभार मानून कंट्रोल बंद केलं. तेवढ्यात उत्तरेश्वर म्हणाला, "मैत्री, जरा खालच्या फ्रिक्वेन्सीवर ये. एक सांगायचंय. ओव्हर."

क्लबाचं काम वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालायचं, खाजगी बोलणं खालच्या; मी बटण फिरवलं. मनात म्हटलं, त्याने काही सांगायच्या आधी मीच बोलणार. आज चेष्टा नाही, टोमणा नाही. श्वास वगैरे काही घेतला नाही. बटण दाबलं आणि बोलत सुटले.

"ऐक, मी बोलते, तू मध्ये बोलू नकोस... परवा गच्चीवर मी मूर्खासारखं बोलले. मला विचारलंस ना जाऊ का? जाऊ नकोस. थांब. मला तू हवा आहेस इथे, रोज, वारज्यात, समोर. तुला काय म्हणायचंय ते मग म्हण. पण मी सांगितलं. थांब. ओव्हर."

बटण सोडलं. सेटमधून त्याचा आवाज आला.

"...बास. एवढंच. बाकी माझं काही म्हणणं नाही. ओव्हर."

चौकात एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मी सेटकडे बघत राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही सरळ सांगितलं, आणि त्यावर त्याचं उत्तर, बाकी माझं काही म्हणणं नाही.

मी सेट बंद केला. बंदच करून टाकला. डोळ्यांतून पाणी आलं ते थंडीमुळे, असं मी चहाच्या गाडीवाल्याला सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

---

घरी आले, सेट टेबलावर आपटला. बाबा अजून कानाला हेडफोन लावून बसलेले. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग कधी करत नाहीत ते केलं. हेडफोनची पिन काढली, स्पीकर चालू केला.

"हिंमतराव, पुन्हा सांगा. ओव्हर."

"सांगतो की," जीपमधून आवाज आला. "मगाशी माझा खालच्या फ्रिक्वेन्सीला चुकून हात लागला. तिथं एक मेसेज चालला व्हता. पार शेवटापर्यंत ऐकला मी. पण त्याला मागं सारखी शिट्टी व्हती. ओव्हर."

"माझ्याकडेही एक मेसेज पूर्ण आला," बाबा म्हणाले. "त्यालाही मागे शिट्टी होती. ओव्हर."

"म्हंजी माझा निराळा अन् तुमचा निराळा. ओव्हर."

"निराळा. दोन्ही एकाच वेळी गेले. ओव्हर."

मी खुर्चीत बसले. लायसन्स असलेली, नवशिक्यांना शिकवणारी बाई मी. दोघांनी एकदम बटण दाबलं होतं. मी बोलत होते तेव्हा तोही बोलत होता; त्याच्या जवळच्या हिंमतरावांना त्याचं पोचलं, माझ्या जवळच्या बाबांना माझं. मी ऐकलं ते माझ्या बोलण्याचं उत्तर नव्हतंच. त्याच्या लांबलेल्या बोलण्याचं शेपूट होतं ते. आणि माझ्यातलं त्याने एक अक्षरही ऐकलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही खालच्या फ्रिक्वेन्सीवर काय करत होता?"

"कंट्रोल स्टेशन आहे मी. लक्ष ठेवावं लागतं."

माझे कान तापले. म्हणजे बाबांनी सगळं... रोज, वारज्यात, समोर. सगळं. पण आत्ता लाजायला वेळ नव्हता.

"हिंमतरावांनी काय ऐकलं ते विचारा ना."

"ते सांगणार नाहीत. आणि सांगायला लागले तर मी सेट बंद करीन." बाबांनी चष्मा पुसला. "जे आपल्यासाठी नाही, ते..."

"पण ते माझ्यासाठीच आहे!"

"मग ज्याचं आहे त्याच्याकडून घे. मेसेज अर्धवट पोचला तर काय करायचं, शिकवलंय ना? पुन्हा मागवायचा." आणि बटण दाबून म्हणाले, "हिंमतराव, धरणावर कोण आहे अजून? ओव्हर."

"पोरगं हाय की. पण सेट पेटीत घातलाय त्यानं. बांबू उतरवतंय. तोंड एवढंसं झालंय. मी जीप घेऊन हितंच आलोय. ओव्हर."

म्हणजे त्याला वाटत होतं, त्याने काहीतरी विचारलं आणि मी उत्तरच दिलं नाही. नुसता सेट बंद केला. उद्या सकाळी तो हो सांगणार होता.

"बाबा, स्कूटीची किल्ली..."

किल्ली त्यांनी आधीच टेबलाच्या कडेला काढून ठेवली होती. "हेल्मेट घाल," म्हणाले. "आणि पोचलीस की आधी एक श्वास घे."

---

बायपासला ट्रकांनी रस्ता अडवला, वडगावला सिग्नलने, पुढे शर्यतीचे मांडव काढणाऱ्यांनी. सगळ्यांना मी मनातल्या मनात झापलं. किरकटवाडीनंतर वारा गार झाला, आणि मग एकदम पाणी दिसलं. धरण काठोकाठ. चौपाटीवर कणसं भाजणारे, भजीवाले, रविवारची माणसं. त्या सगळ्यांच्या टोकाला उत्तरेश्वर, वायरचं भेंडोळं करत.

मी स्कूटी लावली. जवळ गेले. त्याने वर बघितलं आणि हातातलं भेंडोळं सुटलं.

"तू? सेट का बंद केलास?"

"तू काय बोललास ते मला ऐकूच आलं नाही. फक्त 'बास, एवढंच' ऐकू आलं."

"फक्त ते?" त्याला कळेना. "मग आधीचं?"

"आधी मी बोलत होते."

"तू... बोलत होतीस?" त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. तोही लायसन्सवालाच. "दोघांनी एकदम दाबलं?"

"एकदम."

"काय म्हणालीस?"

"तू आधी सांग. तू बोलावलं होतंस."

"नाही, तू आधी. मी एकदा सगळं बोललोय, पुन्हा तेवढा धीर नाही."

"मग मला कुठून येणार?"

तो हसला. या वेळी नेहमीसारखा, बुधवार पेठेतल्यासारखा. वाऱ्याने माझी ओढणी त्याच्या हातातल्या वायरीत अडकली. ती सोडवायला आम्ही दोघंही वाकलो आणि बराच वेळ सोडवत राहिलो.

"एवढंच सांगतो," तो ओढणीकडे बघत म्हणाला, "आईला फोनवर तुझ्याबद्दल सांगितलं. तुझ्या घरच्या भिंतीवर कुणाचा फोटो आहे, तेही सांगितलं. म्हणाली, म्हणजे आपल्यातली नव्हे. मग म्हणाली, पोरगी तोंडाची कशी आहे? म्हटलं, तिखट. म्हणाली, मग तुझा निभाव लागेल, तू फार मऊ आहेस."

मला हसू आलं.

"आणि मेसेज?" मी विचारलं.

त्याने मान वर केली. मी बाबांचा नियम पाळला. आयुष्यात पहिल्यांदा, बोलण्याआधी एक श्वास घेतला. पण त्यानेही तेवढाच घेतला असावा.

"एकदा फक्त 'थांब' म्हण, मी..."

"थांब."

दोघं एकदमच बोललो. पण मधे सेट नव्हता, बटण नव्हतं. त्याचं मला ऐकू आलं आणि माझं त्याला.

त्याने मान हलवली, दोनदा, आणि माझा हात धरला. वायर नव्हती, बांबू नव्हता, तरी धरला.

"मॅनेजर ओरडेल," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"ओरडू दे. पुण्यातले कॉम्प्युटर गोंधळणार नाहीत का? ते कोण बघणार?"

"ते मी बघतो की."

मागे जीपचा दरवाजा उघडा होता. हिंमतराव केव्हाचे येऊन उभे होते आणि पाण्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होते, की पाणी त्यांनी आजच पाहिलं असावं. जीपवरच्या अँटेनाच्या बुडाशी तो पितळी कनेक्टर चकाकत होता. सेटमधून बाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा थोडा जड.

"डोणजे, कंट्रोल बोलतोय. काही रिपोर्ट? ओव्हर."

हिंमतरावांनी माइक उचलला. आधी एक श्वास घेतला.

"कंट्रोल, दोन्ही मेसेज पोचले. मजकूर सांगता येत नाही. ओव्हर."